तुम्ही विचारलंत म्हणून: सुन त्झू रोजच्या आयुष्यात कसा वापरायचा?

‘सुन त्झूचं युद्धशास्त्र स्वतःच्या प्रगतीसाठी वापरायचं, तर सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. सुन त्झू हा प्राचीन चीनमधला युद्धतज्ज्ञ, आणि ‘युद्धशास्त्र’ हा त्याच्या नावावरचा ग्रंथ. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुधा शत्रू आणि डावपेच असतात. माझं उत्तर मात्र एकच असतं: हिशेबापासून.

तेरा प्रकरणांच्या या लहानशा ग्रंथाचं पहिलं प्रकरण गणनेचंच आहे. लढाईआधी पूर्वजांच्या मंदिरात बसून मोजणी करायची. ज्याच्या बाजूला जास्त भरेल, तो जिंकेल. तिथल्या ‘स्वान’ (मोजणी) या चिनी शब्दाला मोजणीच्या काड्यांचाही अर्थ आहे. नुसतं मनन करून भागत नाही, आकडा काढावा लागतो.

मोजायच्या बाबी पाच: ताओ, आकाश, भूमी, सेनापती, शिस्त. लोक अडखळतात ते ताओवर. इथला ताओ म्हणजे चिनी तत्त्वज्ञ लाओ त्झचा गूढ मार्ग नव्हे. राजाला जे हवं तेच प्रजेलाही हवं असणं, एवढाच इथे त्याचा अर्थ. म्हणून कागदावर पहिला प्रश्न लिहा: हे मला हवंय, पण ज्यांचा वेळ आणि पैसा यात जाणार, त्या घरच्यांना मान्य आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर बाकीच्या चार बाबी मोजण्यात अर्थ नाही. आकाश म्हणजे ऋतू, वेळ. भूमी म्हणजे अंतरं आणि जागा. सेनापती तुम्हीच, आणि शिस्तीत रसदही आली.

मग चौथं प्रकरण उघडा. जिंकणारं सैन्य आधी जिंकतं, मग लढायला उतरतं, असं तिथे म्हटलंय. त्यासाठी साखळीही दिली आहे: अंतरावरून परिमाण, परिमाणावरून संख्या, संख्येवरून तुलना, तुलनेवरून विजय. समजा, नोकरी सांभाळून परीक्षा द्यायची आहे. अभ्यासक्रम 600 पानांचा, वेग तासाला 8 पानं, आठवड्याला हाती 6 तास. आठवड्याला 48 पानं होतात, म्हणजे पहिल्या वाचनाला साडेबारा आठवडे. उजळणी दुप्पट वेगाने केली तरी आणखी सहा-सव्वासहा. एकूण जवळपास 19. परीक्षा 14 आठवड्यांवर असेल, तर ही लढाई आजच हरलेली आहे. ‘जास्त मन लावून करीन’ हा यावरचा उपाय नाही. पानं 400 वर आणा किंवा तास 9 करा. दोन्हींत काम साडेबारा आठवड्यांत बसतं. दोन्ही जमत नसेल, तर पुढची तारीख घ्या.

दुसरं प्रकरण खर्चाचं आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. एक लाखाची फौज पोसायला दिवसाला हजार सुवर्णमुद्रा लागतात. लांबलेल्या युद्धाने कुठल्याही राज्याचं भलं झालेलं नाही. शत्रूच्या मुलखात मिळालेलं एक माप धान्य घरून वाहून नेलेल्या वीस मापांच्या बरोबरीचं, असंही तिथे आहे. आपल्या बाबतीत रात्री थकून काढलेला तास म्हणजे घरून वाहिलेलं धान्य. रोजच्या लोकल प्रवासातली बसून मिळणारी 40 मिनिटं जागेवरच मिळतात. आधी ती वापरा. आणि थांबायची तारीख सुरुवातीलाच लिहून ठेवा.

एवढं करूनही बिघडतं, ते आठव्या प्रकरणातल्या सेनापतीच्या पाच दोषांमुळे. मरणावर उदार असणं, जिवाला फार जपणं, चटकन संतापणं, अब्रूला अतोनात जपणं, आणि माणसांवरची माया. यांतल्या काहींना आपण एरवी गुणच म्हणतो. अब्रू जपणारा माणूस चुकलेला बेत सोडत नाही, कारण लोकांना सांगून बसलेला असतो. मायाळू माणसाचे राखलेले सहा तास दुसऱ्यांच्या कामात जातात. आपला दोष आपल्याला सहसा दिसत नाही. पाचही एका कागदावर लिहा, तुम्हाला निदान पाच वर्षं जवळून पाहिलेल्या माणसाच्या हातात पेन द्या, आणि एकावर खूण करायला सांगा. खूण झाल्यावर वाद घालू नका.