हँडल

"काका, ते हँडलपण द्या. दोन-तीन किलो भरेल."

भंगारवाल्याच्या पोराचं हे वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आज दिलं. टेम्पोत चढवायला चार माणसं लागली, सगळा बिडाचा ऐवज. आण्णांनी भाव ऐकला, मान हलवली, पण हँडल हातातच धरून उभे राहिले. मुठीजवळ लोखंड गुळगुळीत, चकचकीत झालेलं. बाकी सगळं गंजलेलं.

ते इंजिन सुरू करणं ही कला होती. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबली जात नाही, हँडल हलकं फिरतं. जड चाकाने वेग घेतला की खटका सोडायचा. चाकाच्या त्या जोरावर पहिला ठोका पडायचा. मग टुक्‌ टुक्‌ टुक्‌... घरी आईला कळायचं, पाणी सुरू झालं.

विजेची मोटर बटणावर चालते, डिझेल लागत नाही. इंजिन गेली कित्येक वर्षं बंदच होतं, ते विकायचा निर्णय माझाच. तो बरोबर होता असं मला अजूनही वाटतं. गोठ्यातली जागा हवीच होती.

पण आण्णांनी हँडल दिलं नाही. "इंजिन घेतलंस ना? मग झालं," एवढंच म्हणाले.

आत्ता ते त्यांच्या खाटेखाली आहे. मघाशी बघितलं तर तेलाचा हात फिरवलेला.

तुमच्या घरी असं काय ठेवलंय?