जोड जमली तरच मैदान

मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे कुस्ती, किकबॉक्सिंग अशा सगळ्या विद्या चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या लढती भरवतो असे सांगितले की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो: याला परवानगी मिळते का, आणि यात पैसे किती सुटतात. पहिल्याचे उत्तर असे की पोलीस, अग्निशमन दल आणि सभागृह यांची कागदपत्रे वेळेत हातात घेतली तर मिळते. दुसऱ्याकडे मी पुढे येणारच आहे. परंतु नव्या प्रमोटरचा सर्वाधिक वेळ ज्या कामात जातो त्याविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि ते काम म्हणजे जोड लावणे, कोणाला कोणाशी लढवायचे ते ठरवणे.

कोल्हापूरकडच्या माणसाला हे काम अगदीच परके नाही. यात्रेतले कुस्तीचे मैदान ठरले की कमिटीतली जाणती मंडळी कोणता पैलवान कोणत्या तालमीचा, वजन किती, गेल्या हंगामात कोणाशी कसा लढला याचा काथ्याकूट करतात, आणि त्यांचा शेवटचा सवाल एकच असतो: कुस्ती निकाली होईल की बरोबरीत सोडवावी लागेल? माझे चुलते अशा कमिटीत बसत. इनामाचा आकडा फुगवला म्हणून कुस्ती चांगली होत नाही, असे ते बजावून सांगत, आणि पिंजऱ्यातल्या लढतींनाही ते तंतोतंत लागू पडते.

फरक इतकाच की इथे जोड लावताना दोन माणसांच्या बरोबरीने दोन विद्यांचाही विचार करावा लागतो. कुस्तीतून आलेला मुलगा आणि किकबॉक्सिंगमधून आलेला मुलगा समोरासमोर उभे केले तर लढत एकतर पहिल्या पटातच, म्हणजे पाय धरून खाली पाडण्याच्या डावातच, एकतर्फी होते किंवा फारच रंगते, आणि यांपैकी काय होईल हे किकबॉक्सरला पट अडवता येतो की नाही यावर ठरते. म्हणून मी शेरडॉग आणि टॅपॉलॉजी या संकेतस्थळांवरची खेळाडूच्या जय-पराजयांची नोंद केवळ सुरुवातीला पाहतो. पाच लढती, पाच विजय अशी नोंद असलेल्या खेळाडूचे पाचही प्रतिस्पर्धी पदार्पण करणारे निघाले तर त्या आकड्याला फारशी किंमत राहत नाही. त्यापेक्षा वस्तादांना किंवा प्रशिक्षकांना फोन लावून सरावाचे न कापलेले चित्रीकरण मागवणे बरे. एका वस्तादांनी मला एकदा सुनावले होते, "पोरगं तयार हाय ओ, पर समोर कोन देताय ते आदी सांगा." ज्या तालमीतून हा प्रश्न येत नाही, तिथल्या मुलाची जोड मी जास्त काळजीने लावतो.

वजनाचा विषय मात्र कुस्तीपेक्षा कठोर आहे. लाइटवेट गटाची कमाल मर्यादा ७०.३ किलो, फेदरवेट ६५.८, बँटमवेट ६१.२, आणि बहुतेक मुले लढतीच्या आदल्या दिवशी अंगातले पाणी काढून त्या आकड्यावर उतरतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट यांच्या १०० ग्रॅम जादा वजनाची चर्चा घराघरांत झाली, पण यात जीवही जातो हे फारसे बोलले जात नाही. २०१५ च्या डिसेंबरमध्ये वन चॅम्पियनशिप या लढती भरवणाऱ्या संस्थेच्या मनिला येथील कार्यक्रमाआधी वजन उतरवताना यांग जियान बिंग हा तरुण चिनी खेळाडू दगावला, आणि त्यानंतर त्या संस्थेने पाणी काढून वजन उतरवण्यावर बंदी घालून लघवीची तपासणी सुरू केली. नव्या प्रमोटरला तेवढी यंत्रणा परवडत नाही. तरी निदान आठ-दहा दिवस आधी प्रत्येकाचे काट्यावरचे वजन मागवून घ्यावे, आणि ज्याचे सात-आठ किलो उतरायचे राहिले असेल त्याची लढत त्याच दिवशी वरच्या गटात न्यावी किंवा सरळ रद्द करावी. पोस्टर छापून झाले आहे, ही सबब चालत नाही.

खर्चाच्या यादीत जिथे कात्री लावता येत नाही ते कलम म्हणजे वैद्यकीय. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचे ताजे अहवाल, डोळ्यांची तपासणी, लढतीच्या दिवशी पिंजऱ्याशेजारी डॉक्टर, आणि दाराशी रुग्णवाहिका. या रुग्णवाहिकेबद्दल एक बारकावा आहे: ती एका खेळाडूला घेऊन रुग्णालयाकडे निघाली की दुसरी येईपर्यंत पुढची लढत सुरू करता येत नाही, निदान करू नये. एकच गाडी ठरवली असेल तर निवेदकाला अर्धा-पाऊण तास माईकवर काहीबाही बोलत बसावे लागते आणि मागच्या रांगा उठू लागतात. दुसऱ्या गाडीचे भाडे त्या मानाने किरकोळ असते.

आता पैशाकडे येतो. मुंबईत मोठ्या प्रमाणावर या खेळाचा बार उडवण्याचा प्रयत्न सुपर फाइट लीगने मार्च २०१२ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात केला; राज कुंद्रा आणि संजय दत्त हे त्यामागचे चेहरे होते आणि मुख्य लढत बॉब सॅप व जेम्स थॉम्पसन या दोन परदेशी हेवीवेटांमध्ये होती. पुढे २०१९ मध्ये अभिनेता टायगर श्रॉफ याच्या कुटुंबाने मॅट्रिक्स फाइट नाइट ही लढतींची मालिका सुरू केली. हे दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून जिल्ह्याच्या ठिकाणी पहिला कार्यक्रम आखणारा तरुण दिवाळखोरीचा मुहूर्त काढतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे तिकीट विकतो तो गल्लीतला मुलगा. शिवाजी पेठेतला पोरगा कार्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या लढतींच्या यादीत, असला की त्याचे मंडळ, त्याची तालीम आणि त्याचे नातलग येतात. परदेशी पाहुण्याच्या नावावर इतकी माणसे आमच्याकडे हलत नाहीत. २०१७ मध्ये यूएफसी या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या संस्थेत उतरलेला पहिला भारतीय, भरत खंडारे, मुंबईचाच आणि कुस्तीतून आलेला, ही गोष्ट पोस्टरवरच्या कोणत्याही घोषणेपेक्षा तालमीत अधिक कामाला येते. तिकिटांतून सभागृहाचे भाडे आणि मानधन निघाले तरी भरून पावलो म्हणावे. पिंजऱ्याचे भाडे, प्रकाशयोजना आणि प्रक्षेपण हे प्रायोजकांच्या खिशातून यावे लागते, आणि प्रक्षेपणाचे पैसे सुरुवातीला मिळत नसून द्यावे लागतात.

प्रायोजक आले की सत्कार येतात. फेटा, नारळ, शाल आणि दोन शब्द यांना माझा विरोध नाही, पण तिसऱ्या लढतीनंतर नगरसेवकांचा सत्कार सुरू झाला की पडद्यामागे हाताला पट्ट्या बांधून, ग्लोव्हजवर पंचांची सही घेऊन, अंग तापवून उभा असलेला खेळाडू गार पडतो, आणि गार अंगाने पहिली लाथ मारणाऱ्याचा स्नायू दुखावण्याची भीती असते. सगळे सत्कार पहिल्या लढतीच्या आधी, हे मी करारपत्रातच लिहून घेतो. मान्यवर उशिरा आले तर त्यांचा सत्कार बक्षीस समारंभात होतो. एक-दोघे रुसतात.

सभागृह निवडतानाही कोल्हापूरचे खासबाग कुस्ती मैदान आठवावे. शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली तयार झालेल्या या मैदानात आखाडा मध्यभागी आणि बैठक चहूबाजूंनी चढत गेलेली, त्यामुळे शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. सपाट मंगल कार्यालयात पिंजरा उभा केला तर पाचव्या रांगेपासून फक्त जाळी आणि पुढच्यांची डोकी दिसतात. पिंजरा तीन-चार फूट उंच मंचावर घेणे आणि दोन बाजूंना लढत दाखवणारे मोठे पडदे लावणे, एवढे तरी करावेच लागते.

राहिला प्रश्न पंचांचा. अमेरिकेत नेवाडासारख्या राज्यांत सरकारी आयोग रेफ्री आणि गुण देणारे पंच नेमतो. आपल्याकडे या खेळासाठी कायद्याने स्थापन झालेला तसा आयोग नाही, त्यामुळे त्यांचे मानधन आणि मुक्काम प्रमोटरच्याच खात्यातून जातो. ज्याची तिकिटे खपली त्याच स्थानिक मुलाच्या बाजूने निकाल लागला की शंका घेतली जाणारच. यावर मी तीन गोष्टी करतो: पंच दुसऱ्या शहरातले बोलावतो, त्यांचे मानधन कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चुकते करतो, आणि तिन्ही पंचांची गुणपत्रके फेरीनिहाय त्याच रात्री जाहीर करतो. गेल्या वेळी आमच्याच पेठेतला मुलगा दोन विरुद्ध एक अशा निकालाने हरला. मंडळाची मुले तावातावाने आली, गुणपत्रक वाचले, तिसऱ्या फेरीवर आपसात वाद घालू लागली, आणि जाताना परतीची लढत कधी लावता एवढे विचारून गेली.