जिल्हा ठाणे

दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला मी एका जुन्या वहीत चार आकडे लिहिते. भारताच्या तुरुंगात पाकिस्तानचे नागरी कैदी किती, मच्छीमार किती. त्यांच्या तुरुंगात आपले किती. २१ मे २००८ रोजी झालेल्या करारानुसार दोन्ही देश या याद्या वर्षातून दोनदा एकमेकांना देतात. १ जानेवारीला आणखी एक यादी जाते, अणुकेंद्रांची. तो करार ३१ डिसेंबर १९८८चा. १९९२पासून ती देवाणघेवाण एकदाही चुकलेली नाही, संसदेवरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हासुद्धा नाही. बोलणी तुटल्यावरही दोन शेजाऱ्यांमध्ये काय चालू राहतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. कलिन्याला विद्यापीठात तो प्रबंध लिहिला, मग ठाण्यात राज्यशास्त्र शिकवायला लागले आणि विषय सुटला नाही. आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणारे पुष्कळ आहेत. माझं क्षेत्र शांतता अभ्यास, आणि ते म्हटलं की अजूनही लोकांना ध्यानधारणा वाटते.

२ जानेवारी २०२५, गुरुवार. सकाळच्या तासाला टी.वाय.च्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, मुलांसाठी आदल्या दिवशीचे आकडे फळ्यावर लिहिले. पाकिस्तानच्या यादीत आपले ४९ नागरी कैदी आणि २१७ मच्छीमार. शेजारी जानेवारी २०२३चा मच्छीमारांचा आकडा लिहिला, ६५४. त्या वर्षी मे-जूनमध्ये मोठ्या तुकड्या सुटल्या आणि जुलैच्या यादीत तो २६६वर आला. आकडा उतरतोय, म्हणजे करार काम करतोय, असं मी मुलांना सांगितलं. सांगताना मला मनापासून बरं वाटलं होतं.

दुपारी शिपाईकाका विभागात आले. "मॅडम, तलासरीकडची माणसं आलीत. तुमच्या विद्यार्थ्यानं पाठवलंय म्हणतात."

माझा एक जुना विद्यार्थी तिकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. त्याने पाठवलेली ती बाई तिशीची असेल, बरोबर एकोणीस-वीस वर्षांचा दीर. पहाटे चारला पाड्यावरून निघालेली, डहाणूहून विरार-वसई करत आणि तिथून घोडबंदरच्या रस्त्याने ठाण्यात. सकाळभर एका कचेरीत बसून होती. तिथे शेवटी कळलं की तुमचा जिल्हा पालघर, इथे काही होणार नाही. मी पाणी दिलं. तिने आधी दिराला प्यायला लावलं.

तिचा नवरा ओख्याच्या बोटीवर खलाशी. भातकापणी उरकली की डहाणू-तलासरीचे शेकडो जण असे गुजरातच्या बोटींवर जातात. दिवाळीनंतर त्याची बोट पाकिस्तानवाल्यांनी पकडली. बोटमालकाचा तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या, घरी फोन आला, तिथून हिला कळलं. त्यानंतर ना फोन, ना पत्र.

"बाई, काल यादी आली म्हणतात. आमच्या माणसाचं नाव त्यात आहे का, तेवढं बघा."

मला सांगावं लागलं की नावांची यादी एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे जाते, बाहेर फक्त आकडा येतो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण आकडा नावं मोजूनच काढला असेल ना?"

"हो. नावं मोजूनच."

सोळा वर्षं मी तो आकडा वापरत होते. निबंधांत, तक्त्यांत, दिल्लीच्या परिषदांत. तो कोणीतरी एकेका नावावर बोट ठेवत मोजला असेल, हे त्या दुपारपर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं. आमच्या विषयात मोजमापाला फार मान आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या माहितीसाठ्यात वर्षाला किमान २५ माणसं लढाईत मेली तरच तो सशस्त्र संघर्ष धरतात. पट्टी चांगली आहे, मीही वापरते. पण पकडलेला खलाशी त्या पट्टीवर कुठेच येत नाही. तो मेलेला नाही, लढलेला नाही, आणि त्याच्या घरी कमावणारं कोणी उरलेलं नाही.

दिराने विचारलं, समुद्रात रेघ कुठे असते? मी कागदावर सर क्रीक काढून दाखवली. कच्छच्या रणातली ९६ किलोमीटरची खाडी. पाकिस्तान म्हणतो हद्द पूर्वेच्या काठावरून, आपण म्हणतो मधल्या प्रवाहावरून. भांडणाचं मूळ आहे १९१४ सालच्या मुंबई सरकारच्या ठरावात, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. खाडीतली रेघ ठरत नाही म्हणून तिच्यापुढे समुद्रात जाणारी रेघही दोघांनी मिळून ठरवलेली नाही. समुद्र कायद्याच्या करारावर दोन्ही देशांची मोहोर आहे आणि त्याचं ७३वं कलम सांगतं की आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे किनाऱ्यापुढच्या देशाच्या हक्काच्या समुद्रपट्ट्यातल्या, मासेमारीच्या गुन्ह्याला, देशांनी आपसात तसं ठरवलेलं नसेल, तर तुरुंगवास देता येत नाही. तरी दोन्हीकडचे तुरुंग मच्छीमारांना ओळखतात. आपल्याकडेही त्या दिवशी त्यांचे ८१ होते. हे मी तिला सांगितलं, कारण ते खरं होतं. "त्यांच्याही बाया असतील," ती म्हणाली, आणि पिशवीतले कागद टेबलावर मांडायला लागली.

इथून पुढचे तीन तास मी कधी विसरणार नाही.

२००८च्या करारात दोन कलमं कामाची आहेत. पकडल्यापासून तीन महिन्यांत आपल्या वकिलातीच्या माणसाला कैद्याची भेट मिळाली पाहिजे. आणि शिक्षा पुरी झाली, राष्ट्रीयत्व पटलं, की महिन्याभरात सुटका. सगळं अडतं ते 'राष्ट्रीयत्व पटलं' या दोन शब्दांवर. कैदी आपलं नाव-गाव सांगतो, ते दिल्लीला येतं, दिल्लीहून राज्याकडे, राज्याकडून जिल्ह्याच्या पोलिसांकडे, आणि शेवटी गावात कोणीतरी येऊन विचारतं, हा इथलाच का? म्हणजे यादी बघायला मिळत नसली तरी एक खूण होती.

"पाड्यावर कोणी पोलीस चौकशीला आले होते का? ह्यांच्याबद्दल विचारायला?"

"नाही. कोणीच नाही."

दोन महिनेही झाले नव्हते, उशीर लागू शकतो. तरी मी कागद एकेक करून बघायला घेतले. आधारवर नवऱ्याचं नाव, मध्ये वडिलांचं, मग आडनाव. बोटमालकाने दिलेल्या गुजराती चिठ्ठीवर घरातलं हाकेचं नाव, आडनावात एक अक्षर वेगळं. कराचीत ते उर्दूत उतरलं असेल. तीन लिप्यांत तीन माणसं. मी फोनवर लिपी जुळवून बघत होते, दीर गुजराती वाचून दाखवत होता. ओख्याला एक हंगाम तोही राहून आला होता.

मग त्याचं जुनं मतदार ओळखपत्र हाती आलं. तालुका तलासरी, जिल्हा ठाणे.

१ ऑगस्ट २०१४ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. आधार नंतरचं, त्यावर पालघर. मी विचारलं, "कोणी जिल्हा विचारला तर तुमचे मालक काय सांगतात?"

"ठाणे," ती म्हणाली. "आम्ही समदे ठाणेच सांगतो. म्हणून तर इथं आलो."

माझ्या अंगावर काटा आला. ती सकाळी ज्या चुकीने ठाण्यात आली होती, तीच चूक तिच्या नवऱ्याने कराचीत केली असली, तर त्याच्या चौकशीचा कागदही असाच ठाण्यातल्या कुठल्या तरी टेबलावरून 'आमच्या हद्दीत हे गाव नाही' म्हणून परत जाईल. आणि तिकडे त्याच्या नावापुढे लिहिलं जाईल, राष्ट्रीयत्व पटलेलं नाही.

अर्ज मी स्वतः टाइप केला, मराठीत आणि इंग्रजीत. नावाची तिन्ही रूपं लिहिली, हाकेचं नाव, वडिलांचं, आईचं. डाव्या कोपरावर भाजल्याची खूण असल्याचं तिने सांगितलं, तेही घातलं. पत्त्यात दोन्ही जिल्हे, कोणत्या तारखेपासून कोणता, हे स्पष्ट. बोटीचा नंबर. चार प्रती काढल्या: दिल्लीला, मुंबईला, पालघरला, ठाण्याला. खाली अंगठा की सही, विचारलं तर ती सही करते म्हणाली आणि चारही ठिकाणी सावकाश पूर्ण नाव लिहिलं. तासाची वेळ झाली होती, टी.वाय.ची दोन मुलं मला बोलवायला आली ती झेरॉक्सला पळाली. दोघांना वसईच्या एसटीत बसवून दिलं तेव्हा अंधार पडला होता.

फेब्रुवारीत २२ मच्छीमार कराचीच्या मलीर तुरुंगातून सुटून वाघा सीमेवरून आले. त्यात तो नव्हता. होळीच्या आसपास विद्यार्थ्याचा फोन आला: पाड्यावर पोलीस येऊन गेले, कोपराची खूण विचारून गेले. तो जिवंत आहे आणि त्याचं नाव दिल्लीपर्यंत पोचलंय, इतकं त्यातून मला कळलं. मी विभागात एकटीच होते. दार लावून घेतलं आणि रडले.

मग २२ एप्रिलला पहलगाम झालं. अटारीचं नाकं बंद झालं, मे महिन्यात चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले. ते दिवस मी वाहिन्यांच्या फोनना उत्तर दिलं नाही.

१ जुलैला याद्या तरीही दिल्या-घेतल्या गेल्या. वहीत लिहिलं: आपले मच्छीमार १९३. संध्याकाळी तिचा फोन आला. आकडा सांगितला. तो त्यात आहे असं मी धरते, असंही सांगितलं. ती बरं म्हणाली. मग भाताची लावणी कशी चालली आहे ते बोलली आणि शेवटी म्हणाली, दीर नारळी पौर्णिमेनंतर ओख्याला जायचं म्हणतोय, बाई, तुम्ही सांगून बघा.

मी त्याला फोन द्यायला सांगितलं. त्याने नमस्कार केला, माझं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम," तो म्हणाला, "उचल घेऊन झाली. घरावर पत्रे टाकले त्याचे."