जहाजावरची पहिली फॉर्मल नाइट

फॉर्मल नाइट म्हणजे जेवायला नटूनथटून जायची रात्र, म्हणून आज धाकट्याला कोट-टाय घालायचा माझा हट्ट होता. मानेला टोचतं म्हणून तो रडकुंडीला आला, आणि मला फार वाईट वाटलं. शेवटी कॉलरचा मऊ सुती शर्ट आणि फुल पँट. डायनिंग रूममध्ये बहुतेक मुलं अशीच होती! ७ रात्रींच्या क्रूझवर अशा रात्री सहसा १-२च असतात. एरवी साधे नीटनेटके कपडे चालतात. स्विमसूटमध्ये मात्र तिथे येऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

लेकीच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकवर स्वेटर घ्यायचं राहिलं. एसी इतका गार, की ती बाबांच्या कोटात गुरफटूनच जेवली. जेवण दीड-दोन तास चालतं, तेवढा वेळ मुलांना कपड्यांचा विसर पडायला हवा. उद्यासाठी दोघांचे स्वेटर आत्ताच काढून ठेवलेत.