सीटमध्ये रुतलेला गोळा

गोळा सध्या माझ्या वर्कबेंचवर आहे. ट्रेलर अडकवायचा ५० मिलिमीटरचा टो बॉल, मानेपाशी तुटलेला. काट्यावर ठेवला तर सहाशे ग्रॅमच्या थोडा वर भरतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका रविवारी सकाळी तो एका गाडीची पुढची काच फोडून आत गेला आणि डाव्या सीटच्या पाठीत रुतला. त्या सीटवर बसलेला मुलगा दोनच मिनिटांपूर्वी व्हिडिओ काढायला खाली उतरला होता. हा गोळा दीड वर्षापूर्वी नाशिकच्या अंबडला माझ्याच गॅरेजमध्ये बसवलेला. त्यामुळे विषय डोक्यातून जात नाही.

फोन आला सकाळी ६.४० ला. तीन गाड्या, सात मित्र. इगतपुरी तालुक्यात, भावली धरणाच्या वरच्या अंगाला एका पठारावर शनिवारी तंबू ठोकून राहिले होते. नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या शनिवारी तिथे आणखी सहा गाड्या चढतील. रात्री परतीचा पाऊस झाला. एकाला अकरापर्यंत नाशकात घरच्या कार्यक्रमाला पोहोचायचं होतं, म्हणून उजाडताच उतरायला लागले. पहिली गाडी नीट उतरली. दुसरी एका वळणावर आडवी घसरली, मागचं डावं चाक घळीत गेलं आणि चासी कातळाच्या धारेवर टेकली. पुढचं उजवं चाक हवेत.

त्या भागात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यामुळे कातळावर मातीचा जाड थर टिकतच नाही. वर दोन-तीन इंच लाल मुरूम आणि खाली गुळगुळीत, दरीकडे कललेला कातळ. मुरूम भिजला की साबणासारखा होतो. गाडी फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगाची) दुसऱ्या गिअरवर होती आणि पाय ब्रेकवर. अशा उतारावर फोर लो (चारही चाकांना ताकद, पण अगदी सावकाश), पहिला गिअर आणि ब्रेकवरून पाय काढलेला, एवढंच चालतं. इंजिन चारही चाकांना सारखं धरून ठेवतं. ब्रेक दाबला की चाक थांबतं, गाडी थांबत नाही. आणि चार तास थांबले असते तर ऑक्टोबरच्या उन्हाने मुरूम वाळला असता, हा प्रसंगच आला नसता. हे मी दर मोसमात सांगतो. घरच्या कार्यक्रमापुढे कोणी ऐकत नाही.

फोनवर मी तीनच गोष्टी सांगितल्या. सगळे डोंगराच्या बाजूने बाहेर या, घळीच्या अंगाला कोणी उभं राहू नका. टेकलेल्या चाकांना दगड लावा. मी येईपर्यंत ओढाओढ करू नका. तिसरी गोष्ट त्यांनी पाळली नाही.

वर थांबलेल्या तिसऱ्या गाडीचं तोंड उताराकडे होतं. तिच्या पुढच्या हुकाला त्यांनी काइनेटिक रोप, म्हणजे रबरासारखा ताणणारा दोर लावला आणि दुसरं टोक अडकलेल्या गाडीच्या मागच्या गोळ्याला. मग तिसरी गाडी रिव्हर्समध्ये झटके देत मागे घेतली. काइनेटिक रोप मुळात झटक्यासाठीच असतो. तो तीस टक्क्यांपर्यंत ताणतो, म्हणजे नऊ मीटरचा दोर जवळपास पावणेतीन मीटरने लांबतो आणि ती सगळी ताकद साठवून ठेवतो. चिखलात रुतलेल्या गाडीला तो उत्तम. पण पोट कातळावर टेकलेली गाडी झटक्याने निघत नाही, ती उचलावी लागते. गाडी हलली नाही म्हणजे साठलेली ताकद सगळ्यात कमजोर जागा शोधणार, आणि ती जागा म्हणजे गोळ्याची मान. गोळा ट्रेलर सावकाश ओढायला बनवलेला असतो, दीड-दोन टनांच्या गाडीच्या झटक्याला नाही. तो तुटला की दोराला बांधलेला तोफगोळा होतो.

ओढायचंच होतं तर खरा उपाय त्यांच्या हाताशी होता. गोळ्याचा बार गाडीच्या मागच्या चौकोनी नळीतून काढायचा, ओढायच्या पट्ट्याचं फासाचं टोक त्या नळीत सरकवायचं आणि तीच १६ मिलिमीटरची पिन आरपार घालायची. दोन मिनिटांचं काम. ते कोणाला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. गाडी ताब्यात देताना मी लाइटचं वायरिंग दाखवलं, कुलूप दाखवलं, पिनला ग्रीस लावायला सांगितलं.

साडेनऊला मी आणि माझा पोरगा पोहोचलो. डांबर संपलं तिथे टायर ३२ वरून २० पीएसआयवर आणले. त्याखाली नेत नाही, बेसाल्टच्या धारा टायरची बाजू कापतात. वळणावर सगळे जण फुटलेल्या काचेभोवती उभे होते. ज्याच्या सीटवर गोळा होता तो मुलगा बोलतच नव्हता. त्याला चहा द्या म्हणालो आणि कामाला लागलो.

आधी छप्पर मोकळं केलं. वरचा तंबू साठेक किलोचा आणि चाळीस लिटर पाणी. कललेल्या गाडीवर एवढं वजन तेवढ्या उंचीवर असणं म्हणजे उलटण्याचं आमंत्रण. मग गाडी बांधली. डोंगराच्या बाजूला जाडजूड ऐनाचं झाड होतं. खोडाला अगदी जमिनीलगत ७५ मिलिमीटर रुंद पट्टा गुंडाळला, तिथून न ताणणारा दोर गाडीच्या उजव्या चासीला. आता गाडी घळीत जाणार नव्हती. लोक गाडी कशी काढायची यावर तासभर वाद घालतात, पण आधी ती पडणार नाही हे कोणी बघत नाही.

मग दगड. खालच्या वाडीतले एक बाबा पहार घेऊन आले होते, कोणी बोलावलेलं नव्हतं. माझा पोरगा चाकाखाली दगड उभे रचायला लागला तसं त्यांनी त्याचा हात धरला. "आसं नाय. डोकं भाईर, शेपूट डोंगरात." भाताच्या खाचराचा बांध असाच रचतात. लांब दगड आडवा आत शिरवायचा, रुंद तोंड बाहेर, दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा, फटीत खडी ठोकायची. मी पंचवीस वर्षं गाड्या काढतोय, एवढी पक्की रचाई मला जमत नाही. आम्ही मागच्या अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगखाली जाड लाकडी ठोकळ्यावर बॉटल जॅक लावला. चार इंच उचलायचं, बाबांनी थर घालायचा, जॅक उतरवून पुन्हा नव्या थरावर घ्यायचा. हात चाकाखाली घालायचा नाही, शेवटचे दगड पहारेनेच सरकवायचे. दीड फूट भरायला पावणेदोन तास लागले. चासी कातळावरून दोन बोटं वर आली तेव्हा खरं काम संपलं होतं.

विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारी मोटर, लोकांना जादू वाटते. माझी ९५०० पौंडांची आहे, म्हणजे सुमारे ४३०० किलो. पण हा आकडा ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा. ड्रम भरलेला असेल तर ताकद जवळपास एक तृतीयांश कमी होते. म्हणून जास्तीत जास्त दोर बाहेर काढून ओढायचं, पण सिंथेटिक दोराचे आठ-दहा वेढे ड्रमवर ठेवूनच. माझी गाडी खाली होती आणि ओढायचं होतं डोंगराकडे, म्हणून दोर ऐनाच्या वरच्या दुसऱ्या झाडाला कप्पी लावून वळवला. दोर काटकोनात वळत असेल तर कप्पीच्या झाडावर दोराच्या ताणाच्या १.४ पट भार येतो आणि कोन जितका मिटत जाईल तितका तो दुपटीकडे जातो. म्हणून झाड हलवून, मुळं बघून निवडायचं. शॅकल (दोर जोडायच्या पिनवाल्या लोखंडी कड्या) ४.७५ टनाचे, आकडा कोरलेले. बाजारात आकडा नसलेले चकचकीत शॅकल मिळतात, ते विकणाऱ्यांना लाज वाटायला हवी. पिन घट्ट आवळून पाव फेरा मागे, नाहीतर ताण आल्यावर उघडत नाही.

तेवढ्यात दुसऱ्या कॅम्पवरचे तिघं येऊन दोराच्या कोनाच्या आतच उभे राहिले, मोबाइल वर धरून. कप्पी सुटली तर दोर त्याच जागेतून जातो. एकाला दंडाला धरून बाहेर काढला. फुटलेली काच समोर दिसत असताना माणसं तिथे कशी उभी राहतात, मला खरंच कळत नाही.

मालक स्टिअरिंगवर, बेल्ट लावून, फोर लो पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता. तीस-चाळीस सेकंद विंच, मग मिनिटभर थांबा, मोटर तापते. बाबांच्या दगडांवरून मागचं चाक वर आलं तेव्हा एकही दगड हलला नाही. ओढण्याचं काम अकरा मिनिटांचं होतं. पावणेदोनला तिन्ही गाड्या डांबरावर होत्या. बाबांना पोरांनी पैसे दिले ते त्यांनी घेतले आणि जाताना म्हणाले, येताना खाचरातून चाकं घालू नका, भात कापायला आलाय.

गाडी गॅरेजला आल्यावर मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याचं, तेल काढलं तर दुधाळ चहाच्या रंगाचं. शनिवारी संध्याकाळी तापलेल्या डिफरन्शियलने ओहोळात उतरले होते. गरम हाऊसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर करणारं भोक, चिखलाने बुजलेला असेल तर ते सीलमधून पाणी ओढतं. ब्रीदरची नळी उंच घेऊन दिली. ते सोपं होतं.

गोळा सोपा नाही. तुटलेला भाग भिंगाखाली धरला तर एका कडेला चंद्रकोरीसारखा काळपट डाग दिसतो, त्यात गंजाच्या बारीक समांतर रेषा. उरलेला भाग दाणेदार आणि चकचकीत. चंद्रकोर जुनी आहे, चकाकी त्या रविवारची. अंबडच्या कुठल्याही फोर्जिंग शॉपमधला कामगार सांगेल की तडा कित्येक महिन्यांपासून वाढत होता. गाडीला मागे सायकलींचा रॅक असायचा, खराब रस्त्यावर तो सारखा हिंदकळतो. फेब्रुवारीत ती गाडी माझ्याकडे सर्व्हिसिंगला होती. मी प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस भरलं. गोळ्यावरची रबरी टोपी काढली नाही.

दोर चुकीच्या जागी बांधला ही त्यांची चूक. पण तडा नसता तर गोळा त्या झटक्याला टिकला असता का, हे मला सांगता येत नाही. आणि हाच गोळा एखाद्या दिवशी कसारा घाटात ट्रेलरसकट सुटला असता तर मागे कोण असतं, हेही नाही.

बिलाची वही काढली. असे अकरा गोळे बसवलेत. सगळ्यांना फोन लावले. आले तसे एकेक गोळा काढून साफ केला, बारीक तड्यात शिरणारा लाल रंग, डाय पेनिट्रंट, मारला, दहा मिनिटं थांबलो, फडक्याने पुसला आणि वर पांढरा डेव्हलपर, तड्यातला लाल रंग बाहेर ओढणारी पावडर. पहिले तीन स्वच्छ निघाले. चौथ्याच्या मानेवर, पांढऱ्या पावडरीतून, केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली. त्या माणसाला गोळा परत दिला नाही. आणखी पाच जण या आठवड्यात येणार आहेत. उरलेल्या दोघांचे फोन लागत नाहीत, त्यातली एक गाडी मालेगावची आहे. रविवारी तिथे जाऊन येतो.