१८ जूनचं पान: पेन्सिलीतून शाईकडे

मंडळी, यंदा १८ जूनचं पान बरंच पुढे सरकलं. आपल्यातले बहुतेक जण वर्षभराचे दिनविशेष जमवतात. मी एकच तारीख धरून बसले आहे, कारण ग्वाल्हेरात राहून ती टाळता येत नाही. फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी दर वर्षी याच सुमारास बलिदान मेळा भरतो. पद्धत नेहमीचीच: खात्रीची नोंद शाईने, शंकेची पेन्सिलीने, आणि प्रत्येकीपुढे वार.

सगळ्यात जास्त वेळ राणीसाहेबांच्या नोंदीने घेतला. इंग्रजांच्या वृत्तांतांत ग्वाल्हेरजवळच्या कोटा-की-सरायची लढाई १७ जून १८५८, गुरुवारची, आणि राणी त्यातच पडल्या. ग्वाल्हेर मात्र १८ मानतं. गंगादासांच्या ‘बडी शाला’ या मठातल्या साधूंनी इंग्रजांना अडवून धरलं आणि तोवर राणींचं दहन उरकलं, ही हकिकत ग्वाल्हेरच्या आमच्या ‘लष्कर’ भागातल्या जुन्या घरांत अजून सांगतात. बराच विचार करून मी १८ शाईने लिहिली, पुढे ‘स्मृतिदिन’ असा शेरा मारला आणि खाली १७ पेन्सिलीने ठेवली. ज्या तारखेला गाव पिढ्यान्‌पिढ्या फुलं वाहतं, तीही इतिहासातलीच गोष्ट आहे असं मी मानते.

त्याच १८५८ च्या रकान्यात शेजारी डार्विन आहे. वॉलेसचा उत्क्रांतीवरचा निबंध हातात पडल्यावर त्याने भूगर्भशास्त्रज्ञ लायलला पत्र लिहिलं. त्यावर नुसतं ‘१८’ आहे, जून १८५८ हे अभ्यासकांनी ठरवलेलं. म्हणून पेन्सिल.

हळदीघाटीची नोंद करताना मात्र मी हरखून गेले. १५७६ च्या त्या लढाईत महाराणा प्रतापांच्या बाजूने ग्वाल्हेरचे राजा रामशाह तोमर तीन मुलांसह कामी आले. त्यांचे वडील विक्रमादित्य पानिपतात, १५२६ मध्ये पडले होते. राज्य गेलेलं, किल्ला दुसऱ्यांच्या हाती, तरी हे घराणं मेवाडच्या आश्रयाला राहून लढलं. खमणोरजवळच्या रक्ततलाईत त्यांच्या छत्र्या आहेत. किल्ला पाहायला येणाऱ्यांना मानसिंह तोमर ठाऊक असतात, रामशाह क्वचितच. हे मला फार खटकतं. तारखेचं म्हणाल तर १८ जून ही जुन्या, ज्युलियन पंचांगाची आहे, वार सोमवार. ग्रेगोरियन पंचांग १५८२ मध्ये आलं. त्या हिशेबाने ती २८ जून होते. शिवाय काही पुस्तकं २१ जून देतात. एका लढाईसाठी तीन तारखा, तेव्हा ही नोंद पेन्सिलीतच राहील.

नेपोलियन हरला त्या वॉटर्लूच्या लढाईला काही अडचण नाही: १८ जून १८१५, रविवार, शाई. आपल्यासाठी यात आणखी एक दुवा आहे. तिथे जिंकलेला वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईला दौलतराव शिंद्यांच्या फौजेला हरवणारा वेलस्ली. त्याच दौलतरावांच्या छावणीतून आमचं लष्कर वसलं.

१९४० च्या १८ जूनला फ्रेंच सेनानी द गॉलने लंडनहून फ्रान्सला साद घातली, आणि त्याच दिवशी चर्चिलचंही पार्लमेंटात गाजलेलं भाषण झालं. द गॉलच्या त्या दिवसाच्या भाषणाचं ध्वनिमुद्रण उरलेलं नाही. आज ऐकवतात ते २२ जूनचं. तरी तारीख पक्की आहे. १९४६: मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी पोर्तुगीजांची सभाबंदी मोडली, मंगळवार. गोव्यात हा क्रांतिदिन. शाई.

आणि १९८३, शनिवार! टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ वरून कपिलदेवच्या नाबाद १७५. या डावाचंही चित्रण नाही; धावफलक आहे आणि पाहणाऱ्यांनी सांगितलेलं आहे. अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर सॅली राइड अंतराळात निघाली तीही त्याच दिवशी.

आता पुढचं काम. राणीसाहेबांच्या नोंदीसाठी १७ आणि १८ या दोन्ही दिवसांच्या तिथी मूळ पंचांगात पाहायच्या आहेत, गणिताने काढलेल्या नकोत. शके १७८० चं छापील पंचांग कुणाच्या घरी असेल, तर ज्येष्ठाच्या पानाचा फोटो पाठवा. रामशाहांच्या छत्रीवरचा लेख कुणी जवळून वाचला असेल, तर तोही कळवा.