खणखणणाऱ्या विटा

फेब्रुवारीतला शनिवार होता. कर्जत तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर सकाळी साडेआठला आमचे ४० स्वयंसेवक उतरले. मुंबईच्या एका बँकेचे २२ आणि कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची १८ पोरं. मी घरबांधणीच्या एका संस्थेत साइट सुपरवायझर आहे. खरं सांगायचं तर ४० आकडा ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. नऊ इंची भिंतीवर एका वेळी दोन गवंडी आणि हाताखाली पाच-सहा माणसं, एवढंच काम असतं. बाकीचे फोटो काढतात.

लोक येतात ते डोक्यात एक चित्र घेऊन. २००६ साली लोणावळ्याजवळच्या पाटण गावात अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आले होते आणि हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरबांधणी संस्थेच्या स्वयंसेवकांनी आठवड्याभरात १०० घरं उभी करायला घेतली होती. तेव्हा मी डिप्लोमाला होतो, मलाही घर असंच होतं असं वाटायचं. आता माहीत आहे की स्वयंसेवकांनी हौसेनं लावलेले दोन रद्दे, म्हणजे विटांचे थर, संध्याकाळी ओळंब्यात बसत नाहीत. बस वळणापार गेली की आमचा गवंडी न बोलता ते उतरवतो आणि पुन्हा लावतो. हे मी कुणाला सांगत नाही.

घर पीएम-जनमनमधलं, म्हणजे आदिम जमातींसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतलं. कातकरी आदिम जमातीत मोडतात, म्हणून घराला २ लाख मिळतात, तेही हप्त्याहप्त्यानं. कमी पडतं तिथं आमची संस्था साहित्य आणि माणसं देते. खरी अडचण पैशाहून वेगळी आहे. बांधकामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि नेमकी तेव्हाच अख्खी वाडी उचल घेऊन वीटभट्टीवर जाते. घर बांधायला घरातलं माणूसच नसतं. या घरची ताई त्या वर्षी सासूबरोबर मागे राहिली होती, नवरा एकटा भट्टीवर होता.

आदल्या संध्याकाळी तीन हजार विटांची गाडी खाली झाली होती. मी चलन बघून सही केली होती, विटा बघितल्या नव्हत्या. अंधार पडत होता, हे माझं कारण.

सकाळी पोरांनी साखळी लावली. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात वीट, वर गाणी. ताई टोकाला उभी होती. पाच-दहा विटा गेल्या असतील, तिनं एक वीट बाजूला ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. मी विचारलं तर म्हणाली, "दादा, ही कच्ची हाय. पान्यात विरंल." दोन विटा एकमेकींवर आपटून दाखवल्या. एक जोडी खणखणली, दुसरी मातीच्या ढेकळासारखी थप्प वाजली. नखानं ओरखडा ओढला तर भुकटी निघाली. मी इतकी वर्षं साइटवर आहे. तिनं लहानपणापासून विटा थापल्यात. आमच्यात कुणाला वीट जास्त कळते हे विचारायची गरज उरली नाही.

मी काम थांबवलं. बँकेचे लोक जरा हिरमुसले, टी-शर्टवर छापून आलेला दिवस वाया जाणार म्हणून. मग मीच म्हटलं, चला, विटा निवडू. ताईनं शिकवलं: दोन हातात दोन, आपटा, ऐका. पहिला अर्धा तास गोंधळ होता. पण कान तयार झाले आणि ४० जण विटा वाजवत बसले. त्या आवाजानं वाडीतली कुत्री पळाली आणि म्हाताऱ्या बाहेर येऊन बसल्या. कुणी चुकीच्या ढिगात वीट टाकली की म्हाताऱ्या लांबूनच ओरडायच्या. एवढी माणसं खऱ्या अर्थानं कामाला लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

बँकेतल्या एका बाईंची पंधरा वर्षांची मुलगी सोबत आली होती. आमच्याकडे सोळाच्या आत साइटवर काम नाही. सोळा-सतरावाल्यांनाही पालकांची सही लागते आणि परांचीवर चढायची परवानगी नाही. ती पायरीवर तोंड पाडून बसली होती. तिला मी कागदांची पिशवी दिली. तिसरा हप्ता दोन महिने अडकला होता आणि मी त्याचा दोष ग्रामपंचायतीवर टाकून मोकळा झालो होतो. पोरीनं ताईच्या साध्या फोनवर आलेला ओटीपी घेऊन आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघितलं. जोडलेली बँक भलतीच होती. कर्जतची नव्हे, भट्टीजवळची. खातं गेल्या हंगामात भट्टीच्या दिवाणजीनं उघडून दिलेलं. आधार शेवटी जिथं जोडलं, हप्ता तिथंच जाऊन बसला होता.

"पासबुक कुठाय?" पोरीनं विचारलं.

"दिवाणजीकडं."

ताई आता माझ्याकडे बघत नव्हती. तिनं निवडलेल्या ढिगातली एक वीट उलटी करून मधल्या खाचेतली अक्षरं दाखवली. भट्टीमालकाची अक्षरं. नवरा त्याच भट्टीवर, उचल त्याच शेठची. विटा पुरवठादारामार्फत आलेल्या, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. "माझं नाव नको घेऊ दादा," ती म्हणाली. म्हणजे सकाळी पहिली वीट बाजूला ठेवली तेव्हाच ती अक्षरं तिनं ओळखली होती.

दुपारी पोरांच्या डब्यांना आणि सासूच्या सुक्या मासळीला एकच पंगत झाली. बँकेतल्या बाईंनी सोमवारी कर्जतच्या शाखेत ताईबरोबर जाऊन आधार तिकडे जोडून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी त्यांनी रजा टाकली. टी-शर्टवर नसलेलं हे काम त्या दिवसातलं सगळ्यात मोठं होतं असं मला वाटतं. भट्टीजवळच्या खात्यातले पैसे काढायला पासबुक लागणार नाही, बँकेत अंगठा दिला तरी चालेल, हेही त्यांनीच समजावलं. पोरांनी जोत्यावर पाणी मारलं, वाळू चाळली. भिंत एक रद्दासुद्धा वर गेली नाही.

संध्याकाळी मोजलं: ७४० विटा बाद. पुरवठादाराची गाडी त्या न्यायला मंगळवारी आली. ड्रायव्हर ढिगाभोवती एक चक्कर मारून आला, दोन विटा उचलून वाजवल्या आणि म्हणाला, "एवढं बारीक कुणी निवडलं?"

आमच्याकडे दर मंगळवारी एक निवृत्त बांधकाम खात्याचे इंजिनिअर हिशेब तपासायला येतात. ते तिथंच चहा पीत बसले होते.

"यांनी," मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा वर सरकवला आणि मान डोलावली. ताई आत चूल फुंकत होती.